ग्लोब्युलिनची ओळ

सकाळी ६.३०

पहिला फोन लोकमान्यनगरातून. "मॅडम, बाबांना रात्रीपासून ताप आहे. एकशे एक. क्रोसिन देतो आणि दुपारपर्यंत बघतो, चालेल ना?"

चालणार नाही. बाबांना मायलोमा आहे, उपचार सुरू होऊन दोन महिने झालेत, आठवड्याला एक इंजेक्शन आणि सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या आहेत. त्यांच्या अस्थिमज्जेत एकाच जातीच्या पेशींनी ठाण मांडलंय. त्या पेशी बिनकामाचं प्रथिन ढिगानं बनवतात आणि जंतूंशी लढणाऱ्या उपयोगी प्रतिपिंडांना जागाच उरत नाही. उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत अशा माणसाला सर्वांत मोठा धोका न्यूमोनियाचा. मुलाला सांगितलं, गोळी देऊन वाट बघायची नाही, फाइल घ्या आणि जिथे उपचार चालू आहेत तिथल्या तातडीच्या विभागात आत्ता जा. मग तिथल्या ड्युटी डॉक्टरांना फोन करून केस सांगितली. फोनवर सगळं ऐकलेलं असलं की तिथे पोचल्यावर रक्त तपासायला आणि अँटिबायोटिक लागायला वेळ जात नाही.

माझा दवाखाना इंदूरच्या राजेंद्रनगरात आहे. मी रक्तविकारतज्ज्ञ नाही, साधी फिजिशियन आहे. सर्दी, खोकला, ब्लडप्रेशर, साखर, कंबर, गुडघे हे माझं रोजचं काम. हे सगळं लिहिते आहे ते त्या रोजच्या कामात लपून येणाऱ्या एका आजारगटाबद्दल. एकाच पेशीपासून वाढलेल्या एकसारख्या पेशींचं कूळ रक्तात किंवा अस्थिमज्जेत वाढतं, ते हे आजार. कधी ते आयुष्यभर गप्प बसतं, कधी हाडं पोखरतं, कधी मूत्रपिंड बंद पाडतं. तज्ज्ञाकडे रुग्ण शेवटी जातो. त्याआधी तो महिनोन्‌महिने माझ्यासारखीकडेच येत असतो. (खाली आलेल्या माणसांची वयं, गावं आणि नाती बदलली आहेत.)

सकाळी ९.००

ओपीडी सुरू व्हायच्या आधी काल संध्याकाळचे रिपोर्ट वाचते. लॅबवाले व्हॉट्सअॅपवर पाठवतात. ठळक अक्षरात छापलेले आकडे सगळेच बघतात: साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड. माझी नजर आधी चार ठिकाणी जाते. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि लिव्हरच्या तपासणीत मधेच दडलेली ग्लोब्युलिनची ओळ.

रक्तातल्या एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केलं की ग्लोब्युलिन उरतं. साधारण साडेतीनपर्यंत ठीक. आज एका रिपोर्टात एकूण प्रथिनं ८.९, अल्ब्युमिन ३.८, म्हणजे ग्लोब्युलिन ५.१. माणूस बावन्न वर्षांचा, कंपनीनं दिलेल्या चेकअप पॅकेजमध्ये रक्त दिलेलं, तक्रार काही नाही. रिपोर्टावर कुणीतरी शेरा मारलाय, 'लिव्हर नॉर्मल'. लिव्हर खरंच नॉर्मल आहे. हे ग्लोब्युलिन कुठून आलं, हा प्रश्न मात्र कुणी विचारलेला नाही. त्याला बोलावून घ्यायला सांगितलं.

आपल्याकडे वाढलेल्या ग्लोब्युलिनची कारणं बरीच: क्षयरोग, जुनं यकृताचं दुखणं, संधिवात, एचआयव्ही. बहुतेक वेळा कारण त्यांपैकीच निघतं. त्यामुळे घाबरवायचं नाही, पण तपासल्याशिवाय सोडायचंही नाही.

सकाळी १०.००

तिसऱ्या नंबरवर एक काकू. वय बासष्ट. कमरेला पट्टा, एका हातात मुलीचा हात, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. "डॉक्टर, नुसतं कूस बदलली तरी कळ येते हो. शिंकले तर जीव जातो."

तीन महिने दुखणं अंगावर काढलंय. मेडिकलवाल्यानं दिलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या रोज दोन. कुणीतरी सांगितलं म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या आणि दर आठवड्याला व्हिटॅमिन डीचं साठ हजार युनिटचं पाकीट. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या. सगळं पिशवीतून टेबलावर काढलं.

मी आधी पाठ दाबून बघत नाही, आधी विचारते. भूक? "नाहीच." तहान? "खूप. रात्री तांब्या संपतो." पोट साफ? "आठ-आठ दिवस नाही." मुलगी मधेच म्हणाली, "आई हल्ली दिवसासुद्धा झोपूनच असते, काही विचारलं तर उत्तर उशिरा देते." लघवी होते का, पायात जोर आहे का, मांड्यांमध्ये बधिरपणा आहे का, हे तीन प्रश्न मी कुठल्याही पाठदुखीत टाळत नाही. मज्जारज्जूवर दाब येत असेल तर तासांचा हिशेब असतो. पायातली ताकद एकदा गेली की बहुतेकदा परत येत नाही. काकूंच्या पायांत जोर होता. मणक्यावर हलकेच ठोकलं तेव्हा एका ठिकाणी त्या कळवळल्या.

जुने रिपोर्ट बघितले. हिमोग्लोबिन ८.९. तीन महिने लोह घेऊन आकडा तिथेच. लाल पेशींचा आकार ९२, म्हणजे अगदी नॉर्मल. लोह कमी असतं तर पेशी लहान झाल्या असत्या. ईएसआर १२८. महिन्यापूर्वीचं क्रिएटिनिन १.७, त्याच्यावर कुणी खूण केलेली नाही. लघवीत अल्ब्युमिन 'नाममात्र'.

लघवीच्या या पट्टीवर किती विसंबायचं हे ठाऊक हवं. ती पट्टी अल्ब्युमिन ओळखते. मायलोमात मूत्रपिंडातून गळतं ते प्रतिपिंडाचे सुटे तुकडे, हलक्या साखळ्या. पट्टीला त्या दिसत नाहीत. पट्टी म्हणते सगळं ठीक आणि त्याच वेळी मूत्रपिंडाच्या नळ्या त्या तुकड्यांनी तुंबत असतात. अशा मूत्रपिंडावर रोज दोन डायक्लोफिनॅक, वर पाणी कमी. यातून क्रिएटिनिन काही आठवड्यांत पाचवर जाऊ शकतं.

पहिलं काम, पिशवीतल्या तीन गोष्टी बाजूला काढल्या: वेदनाशामक, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि गरजेपुरतं ट्रामाडॉल. पट्टा राहू द्या, वजन उचलू नका, मालिश अजिबात नको. पोखरलेला मणका मालिशनं दबून बसू शकतो. दुसरं काम, रक्त: सीबीसी आणि स्मिअर, क्रिएटिनिन, कॅल्शियम, अल्ब्युमिन, प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन, फ्री लाइट चेन. पाठीचा, खुब्याचा आणि कवटीचा एक्स-रे. लॅबला सांगितलं, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन दुपारच्या आत हवं.

"काय वाटतंय तुम्हाला?" मुलीनं दाराशी थांबून विचारलं. मी म्हटलं, "रक्तातल्या एका पेशीचा आजार असू शकतो. नक्की नाही, पण आज संध्याकाळपर्यंत थांबायची माझी तयारी नाही, म्हणून दुपारी फोन करते." एवढंच सांगितलं. अर्ध्या माहितीवर आजाराचं नाव घ्यायचं नाही, आणि काहीच नाही असंही म्हणायचं नाही.

सकाळी ११.१५

तळपायाच्या जळजळीचे दोन रुग्ण एकामागोमाग एक. इंदूरमध्ये साखर घरोघरी आहे आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी असतं. त्यामुळे मुंग्यांचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. पहिल्याचं उत्तर तेच निघालं.

दुसरे गृहस्थ वेगळे. साखर दोनच वर्षांची, ताब्यात असलेली. बी-१२ भरपूर. तरी पाय बधिर होत वर चढताहेत, उठून उभं राहिलं की चक्कर येते, आणि दोन्ही हातांच्या मनगटाचं कार्पल टनेलचं ऑपरेशन होऊन गेलंय. पायावर सूज. लघवीला फेस येतो. ईसीजीतल्या लाटा बुटक्या, पण इकोवर हृदयाची भिंत जाड. जाड हृदयाच्या लाटा उंच हव्यात, इथे उलटं आहे. त्यांना तोंड उघडायला सांगितलं. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे.

एकेक तक्रार एकेका तज्ज्ञाकडे जाऊन आलेली: मनगटं हाडांच्या डॉक्टरकडे, सूज हृदयाच्या, फेस मूत्रपिंडाच्या. प्रत्येकानं आपापल्या परीनं बरोबर औषध दिलं. सगळे कागद एकाच टेबलावर फक्त फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात येतात, म्हणूनच एएल अमायलॉइडोसिस ओळखायची सर्वांत चांगली संधी आमच्याकडे असते. त्या सुट्या हलक्या साखळ्या घडी पडून हृदयात, मूत्रपिंडात, नसांत साचत जातात. हृदयात एकदा फार साचलं की उपचाराला वेळ उरत नाही. फ्री लाइट चेन आणि इम्युनोफिक्सेशन लिहून दिलं. इथे नुसतं इलेक्ट्रोफोरेसिस पुरत नाही, कारण दोषी पेशींचं कूळ लहान असतं आणि पट्टा दिसेलच असं नाही. संशय पक्का झाला तर पोटाच्या चरबीचा आणि बोनमॅरोचा तुकडा काँगो रेड रंगानं तपासायला जाईल.

दुपारी १२.३०

धारकडचा एक शेतकरी, पंचेचाळीस वर्षांचा, मुलगा आणि भाऊ मिळून आधार देत घेऊन आलेत. एकेटीचा, म्हणजे क्षयाच्या औषधांचा, पाचवा महिना चालू. पाठीच्या एमआरआयवर कुठेतरी 'क्षयाची शक्यता' लिहिलं गेलं आणि तुकडा न तपासताच क्षयाची औषधं सुरू झाली. दुखणं वाढतंच आहे.

मणक्याचा क्षय आपल्याकडे भरपूर आहे, त्यामुळे तसा विचार करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. वजन घटणं, वाढलेला ईएसआर, कमी रक्त हे क्षयात आणि मायलोमात सारखंच. पण फिल्म नीट बघितली तर फरक सापडतो. क्षय सहसा दोन शेजारच्या मणक्यांना धरतो आणि त्यांच्यामधली गादी खातो. इथे तीन मणके, एकमेकांपासून दूर, आणि गाद्या शाबूत. पंचेचाळीस हे वयही मायलोमाला लहान नाही. पाश्चात्त्य देशांत निदानाचं सरासरी वय सत्तरीच्या आसपास असतं, भारतात ते साधारण दहा-पंधरा वर्षांनी कमी आहे. पुस्तकातला म्हातारा रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून बसलं तर हा शेतकरी हातातून निसटतो.

एकेटी मी माझ्या मनानं बंद केली नाही. रक्त घेतलं आणि एम.वाय. हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली, 'सीटीच्या मदतीनं मणक्याचा तुकडा घ्यावा'. आयुष्मान कार्ड आहे का विचारलं. भावानं खिशातून काढून दाखवलं.

दुपारी १.३०

लॅबमधून पॅथॉलॉजिस्टचा फोन. "तुझ्या काकूंचा स्मिअर बघायला ये."

दवाखान्यापासून दोन गल्ल्या. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी एकावर एक रचून लांब ओळी करून बसल्या आहेत, याला रुलो म्हणतात. रक्तात प्रथिन फार झालं की पेशी अशा चिकटतात, ईएसआर शंभराच्या वर जातो तो त्यामुळेच. मागची काच निळसर दिसतेय, तीही त्या प्रथिनामुळे. कॅल्शियम ११.९, अल्ब्युमिन ३.२, म्हणजे दुरुस्त करून साडेबाराच्या पुढे. क्रिएटिनिन २.४. एका महिन्यात १.७ वरून २.४.

इलेक्ट्रोफोरेसिसचा निकाल परवा येईल. पण गेल्या आठवड्याची एक पट्टी मशीनवर होती, ती त्यांनी दाखवली. विजेच्या प्रवाहात रक्तातली प्रथिनं आपापल्या वेगानं सरकतात आणि वेगवेगळ्या पट्ट्यांत थांबतात. स्वीडनच्या आर्ने टिसेलियसनं १९३७ मध्ये ही पद्धत मांडली, १९४८ चं नोबेल त्याला मिळालं. शेवटचा गॅमा पट्टा प्रतिपिंडांचा. तिथे दोन प्रकारचं चित्र दिसतं. भजनी मंडळ रंगात आलं की सगळ्यांचेच आवाज चढतात; क्षयरोगात, संधिवातात गॅमाचा पट्टा तसा रुंद फुगतो. पण एकच जण लाउडस्पीकर धरून एकच स्वर ओरडत सुटला तर बाकीच्यांचा आवाज दबून जातो. तो हा अरुंद, टोकदार सुळका, एम-बँड. हा फरक नीट शब्दांत मांडला यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी, १९६१ च्या व्याख्यानात: बहुकुळी वाढ आणि एककुळी वाढ. त्याआधी १९४४ मध्ये त्यांनी दोन रुग्णांचं वर्णन केलं होतं, नाकातोंडातून रक्त, वाढलेल्या गाठी आणि दाट झालेलं रक्त. त्यांच्याच नावानं तो आजार आज ओळखला जातो. अशा रुग्णाची नजर धूसर होते, डोकं दुखतं, नाकाचा घोळणा सारखा फुटतो. अशा वेळी डोळ्याचा पडदा बघावा, फुगलेल्या वेड्यावाकड्या शिरा दिसतात. आणि रक्त चढवायची घाई करू नये, दाट रक्त आणखी दाट होतं.

पॅथॉलॉजिस्टचं एक म्हणणं मला फार पटतं. ते म्हणतात, डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं 'इलेक्ट्रोफोरेसिस' न लिहिता का हवंय ते एका ओळीत लिहावं. मायलोमाच्या साधारण पाच-सहा रुग्णांमागे एकात फक्त हलक्या साखळ्या असतात. त्याचा सुळका दिसत नाही, उलट गॅमा पट्टा कोरडा पडलेला असतो, ग्लोब्युलिन कमी असतं. 'पाठदुखी, रक्त कमी, क्रिएटिनिन वाढलेलं' एवढं वाचलं तर लॅब स्वतःहून सांगते, लाइट चेन करा.

काकूंच्या मुलीला तिथूनच फोन केला. आज दाखल करायचं. सलाइन, कॅल्शियम उतरवणं, मूत्रपिंड वाचवणं. बाकीचं निदान आत होईल.

दुपारी ४.००

एम.वाय. हॉस्पिटल. मी इथलीच, महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजची. कॉलेज १९४८ चं, आणि माळवा-निमाडच्या गरीब माणसाची शेवटची आशा अजूनही हीच सात मजली इमारत. धारच्या शेतकऱ्यासाठी निवासी डॉक्टरला प्रत्यक्ष भेटून सांगितलं. चिठ्ठी हरवते, भेटून सांगितलेलं लक्षात राहतं.

आम्ही शिकत असताना मायलोमा म्हणजे मेल्फालान आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, आणि दोन-तीन वर्षांचं आयुष्य. १९९९ मध्ये सीमा सिंघल आणि बार्ट बार्लोगी यांच्या गटानं थॅलिडोमाइडचा अभ्यास प्रसिद्ध केला, गर्भातल्या बाळांना व्यंग देणारं म्हणून बदनाम झालेलं तेच औषध. २००३ मध्ये बोर्टेझोमिब आलं, मग लेनालिडोमाइड, २०१५ मध्ये डाराटुमुमॅब. भारतीय कंपन्यांनी बोर्टेझोमिब आणि लेनालिडोमाइड इथेच बनवायला घेतलं म्हणून मध्यमवर्गीय घराला ते परवडू लागलं. स्वतःच्याच मूळ पेशी काढून ठेवून, जबर मात्रेचं औषध देऊन त्या परत देण्याचा उपचार, म्हणजे प्रत्यारोपण. भारतात पहिलं बोनमॅरो प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये केलं. एम.वाय.मध्ये प्रत्यारोपणाचं केंद्र २०१८ मध्ये सुरू झालं. आजार पुरता बरा होतो असं बहुतेकांना आजही सांगता येत नाही, पण दहा वर्षं चांगली जगणारी माणसं आता माझ्याच रजिस्टरमध्ये आहेत. उपचार एवढे पुढे गेले असताना निदान सहा महिने उशिरा व्हावं, याचा मला फार त्रास होतो.

संध्याकाळी ६.००

संध्याकाळच्या ओपीडीत काम वेगळं. सकाळी शोधायचं, संध्याकाळी सांभाळायचं.

निवृत्त शिक्षक, अडुसष्ट वर्षांचे, सोबत पुण्याहून आलेला मुलगा. सरांना आयजीजी जातीचा ०.८ ग्रॅमचा एम-बँड आहे, लाइट चेनचं गुणोत्तर बरोबर, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन सगळं छान. याला आम्ही एमगस म्हणतो. हे नाव १९७८ मध्ये मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी दिलं. मुलगा म्हणाला, "मॅडम, हा कॅन्सरच ना? मग वाट कसली बघताय? पेट स्कॅन करा, औषध सुरू करा."

या संभाषणाला मी वीस मिनिटं देते, बाहेर रांग असली तरी. सरांना आकडे आवडतात म्हणून आकडेच सांगितले. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीत पन्नाशीपुढच्या एकवीस हजारांहून अधिक लोकांचं रक्त तपासलं तेव्हा ३.२ टक्के लोकांत असा पट्टा निघाला, सत्तरीपुढे ५.३ टक्के. काइल यांनी १३८४ एमगसवाल्यांचा पाठपुरावा केला, कालावधीचा मध्यक चौतीस वर्षं. त्यांतल्या १४७ जणांचा आजार पुढे सरकला, म्हणजे ११ टक्के. वर्षाला साधारण शंभरात एक. सर कमी धोक्याच्या गटातले आहेत: जात आयजीजी, पट्टा दीड ग्रॅमच्या खाली, लाइट चेन ठीक. त्यांना वीस वर्षांत मायलोमा होण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास.

"म्हणजे बहुतेक मी दुसऱ्याच कशानं तरी जाणार," सर म्हणाले. मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला.

औषध नाही, पेट स्कॅन नाही, बोनमॅरोही आत्ता नको. सहा महिन्यांनी रक्त पुन्हा, स्थिर असेल तर मग दोन-तीन वर्षांनी. मधल्या काळात हाडं जपायची, कारण एमगसवाल्यांत हाड मोडण्याचं प्रमाण जास्त असतं: चालणं, बाथरूममध्ये पकडायला दांडी, व्हिटॅमिन डी तपासून मगच गोळी. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस. आणि चार गोष्टी लिहून दिल्या, त्या दिसल्या तर तारखेची वाट बघायची नाही: नवं हाडाचं दुखणं, न समजणारा थकवा, घटतं वजन, फेसाळ लघवी किंवा पायांवर सूज.

मुलानं विचारलं, मग सगळ्यांचीच ही तपासणी का करत नाही? चांगला प्रश्न. आइसलँडमध्ये २०१६ पासून चाळिशीपुढच्या ८० हजारांहून अधिक नागरिकांवर नेमका हाच अभ्यास सुरू आहे. सरसकट तपासणीची शिफारस आज तरी नाही, आणि माझं मतही तेच. लक्षण नसलेल्या हजारो माणसांच्या डोक्यात कॅन्सरची भीती सोडून द्यायला माझ्याकडे त्या बदल्यात देण्यासारखं काही नाही. लक्षण असलेल्याची तपासणी चुकवायची नाही, हे मात्र माझ्या हातात आहे.

नंतर एक मावशी, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, लिम्फोसाइट २२ हजार. त्यांचा आजार सीएलएल, लिम्फोसाइटचं एककुळी दुखणं. जोधपूरला जन्मलेल्या, जयपूरच्या सवाई मानसिंग मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. कांती राय यांनी १९७५ मध्ये या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरात आहेत. मावशी पहिल्याच पायरीवर, शून्यावर. गाठी नाहीत, प्लीहा हाताला लागत नाही, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट उत्तम. काही करायचं नाही, तीन महिन्यांनी या. दर वेळी त्या विचारतात, "म्हणजे नक्की काही नको?" दर वेळी मी काख, मान, पोट नीट तपासून तेवढ्याच ठामपणे सांगते, नको.

संध्याकाळी ७.४५

मायलोमाच्या उपचारातल्या एका आजोबांचं इंजेक्शन दुसरीकडे होतं, बाकी सगळं माझ्याकडे. तज्ज्ञ पेशींकडे बघतात, माणूस मला बघायचा असतो. स्टिरॉइडच्या गोळीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी साखर तीनशेवर जाते, त्या दोन दिवसांचं इन्सुलिन वेगळं लिहून दिलंय. लेनालिडोमाइडनं शिरेत रक्त गोठू शकतं म्हणून अॅस्पिरिन, आणि एक पिंढरी दुखली-सुजली तर लगेच फोन. बोर्टेझोमिबच्या काळात नागीण उठते, त्यासाठी अॅसायक्लोविर रोज. हाडांचं झोलेड्रॉनिक इंजेक्शन चालू आहे, आज आजी म्हणाल्या, "दाढ हलतेय यांची, उद्या काढून घेतो." थांबवलं. या औषधावर असताना दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून सडू शकतं. आधी त्यांच्या तज्ज्ञांशी बोलणं, मग दंतवैद्य.

केसपेपरवर सर्वांत वर लाल शाईत लिहिलंय: 'वेदनाशामक बंद. कॉन्ट्रास्टचं सीटी विचारल्याशिवाय नाही. पाणी दिवसाला तीन लिटर.' घराजवळच्या मेडिकलवाल्यालाही त्याची झेरॉक्स देऊन ठेवली आहे. आजोबांच्या गुडघ्यासाठी गोळी मागायला कुणी गेलं तर तोच नाही म्हणतो.

रात्री ९.१५

दिवसाचे तीन निरोप. लोकमान्यनगरच्या बाबांना न्यूमोनिया निघाला. सकाळी आठच्या आत अँटिबायोटिक लागलं, रक्तदाब टिकून आहे. काकूंना सलाइनवर ठेवलंय, लघवी चांगली होतेय. एक्स-रेवर एका मणक्याची उंची कमी झालीय आणि कवटीत दोन ठिकाणी स्पष्ट कडांची गोल भोकं आहेत. एक्स-रेवर भोक दिसतं तेव्हा तिथलं तीस ते पन्नास टक्के हाड आधीच गेलेलं असतं. निदानावर शिक्का परवाच्या इलेक्ट्रोफोरेसिसनंतर आणि बोनमॅरोनंतर बसेल. चेकअप पॅकेजवाला बावन्न वर्षांचा गृहस्थ उद्या येतो म्हणालाय.

रजिस्टरमध्ये नोंदी करते. नाव, पट्ट्याची जात, आकडा, पुढची तारीख. तारखेला जो येत नाही त्याला फोन. एवढ्यासाठी संगणक, सुपरस्पेशालिटी काही लागत नाही.

लंडनच्या एका किराणा व्यापाऱ्याची लघवी १८४५ मध्ये डॉक्टरांनी हेन्री बेन्स जोन्स नावाच्या तरुण डॉक्टरकडे पाठवली होती. ती कोमट केली की साखळत होती आणि उकळली की पुन्हा विरघळत होती. हाडं दुखणाऱ्या, थकलेल्या त्या माणसाच्या आजाराची खूण त्याच्या डॉक्टरांनी परीक्षानळीत पकडली. आज आपल्याकडे त्याहून फार चांगल्या तपासण्या आहेत, एमआरआयच्या खर्चाच्या मानानं स्वस्तही. मागायच्या राहून जातात एवढंच.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरात पन्नाशी उलटलेल्या कुणाची पाठ किंवा बरगड्या सहा आठवड्यांहून जास्त दुखत असतील आणि सोबत रक्त कमी असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, किंवा न्यूमोनिया वारंवार होत असेल, तर मेडिकलमधून वेदनाशामक आणू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, 'प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस आणि लाइट चेन करायची का?' आणि जुने रिपोर्ट फेकू नका. सगळे, तारखेच्या क्रमानं लावून, येताना सोबत आणा.